बंदराची शीव

बंदरातल्या ऊर्जेच्या आणि धुराच्या मोजणीवरचं पुस्तक भिवंडीत बसून का लिहायचं, असं हस्तलिखित वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. भिवंडीतून समुद्र दिसत नाही. दिसतात ती गोदामं. माणकोली, वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, सोनाळे आणि तिकडे पार पडघ्यापर्यंत पत्र्याच्या छपरांची रांग, आणि गावात शिरलं की मागांचा खडखडाट. इथली माणसं बंदराबद्दल बोलतात तेव्हा ‘पोर्टवरून माल आला’ एवढंच म्हणतात. पोर्ट म्हणजे दूर कुठेतरी, न्हावा-शेव्याला.

पण याच गावात बंदर मोहल्ला आहे. कामवारी नदी खाडीला मिळते, ती खाडी उल्हासला, आणि उल्हास वसईजवळ समुद्राला. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि पुढे याच खाडीच्या परिसरात मराठ्यांची पहिली जहाजं बांधली गेली. जहाज किती खंडीचं, लाकूड किती, कुठल्या रानातलं, हा हिशोब तेव्हाही होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारावर लिहिलं, तेव्हा तोफा आणि दारूगोळ्याच्या जोडीने झाडांबद्दलही लिहिलं: साग परवानगीने तोडावा, आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडं वर्षानुवर्षं जपून वाढवलेली असतात. जहाजाची किंमत धक्क्यापाशी संपत नाही, ती रानातल्या माणसापर्यंत जाते, ही समज आपल्याकडे जुनी आहे. हे पुस्तक त्या समजुतीला आजची एककं देण्याचा प्रयत्न करतं.

खाडी गाळाने भरत गेली, मोठा व्यापार मुंबईच्या गोदीत गेला. मग २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं, आणि कंटेनरचा ओघ तिकडे वळला. २०२४-२५ या एका वर्षात त्या बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी कंटेनर. त्यातले किती भिवंडीच्या गाळ्यांत उघडतात ते या पुस्तकात मी आकड्याने सांगत नाही. रात्री अंजूर फाट्यावर किंवा माणकोली नाक्यावर तासभर उभं राहिलेल्या कुणालाही त्याचा अंदाज येतो. समुद्र इथून मागे सरकला, आणि पन्नास-साठ किलोमीटरवरून चाकांवर बसून बंदर परत आलं.

ते इथेच का आलं, याचं उत्तर या शास्त्राच्या अभ्यासकाला फार शिकवून जातं. मुंबईत जकात होती. महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की नाक्यावर पैसे मोजावे लागत. मग व्यापाऱ्याने काय केलं? माल हद्दीच्या अलीकडे उतरवला. भिवंडीच्या भोवतालची गावं ग्रामपंचायतीतली, जमीन स्वस्त, दोन्ही बाजूंना महामार्ग आणि मुंबई हाकेच्या अंतरावर. भाताच्या खाचरांवर भराव पडले आणि छपरं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली. गोदामं मात्र राहिली आणि वाढतच गेली. कागदावर ओढलेल्या एका रेषेने लाखो टन माल कुठे थांबायचा ते ठरवलं.

उत्सर्जनाच्या मोजणीतही अशीच रेषा ओढावी लागते. तिला मी या पुस्तकात ‘शीव’ म्हटलं आहे. परिभाषा कोशातले शब्द आहेत, पण गावाची शीव म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. शिवेच्या आतलं आपलं, बाहेरचं दुसऱ्याचं. बंदराने आपली शीव फाटकापाशी ओढली तर फाटकाबाहेरचा सगळा धूर दुसऱ्याचा होतो. हा दुसरा कोण, हे कुणी लिहून ठेवत नाही. माझं सारं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे: आधी शीव नीट ओढा, मग आकडे मांडा. आकड्यांतली चूक पुढच्या वर्षी दुरुस्त होते. शीव चुकली तर चूक दिसतच नाही, कारण ती हिशोबाच्या बाहेर राहते.

जगभरातल्या बंदरांच्या नोंदवह्यांत धुराचे पाच उगम साधारण सारखेच असतात. समुद्रावरची मोठी जहाजं, टग आणि पायलट बोटींसारखी बंदरातली लहान जलयानं, क्रेन, रीच-स्टॅकर, आवारात फिरणारे ट्रॅक्टर अशी माल हलवणारी यंत्रं, रेल्वे इंजिनं, आणि ट्रक-ट्रेलर. यांच्या जोडीला विजेचं बिल: दिवे, कार्यालयं, विजेवरच्या क्रेन, थंड माल सांभाळणारे रीफर कंटेनर. हे सगळं २००१ पासून रूढ झालेल्या ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलच्या तीन कप्प्यांत बसवतात. पहिल्यात स्वतः जाळलेलं इंधन, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज, तिसऱ्यात आपल्या कामामुळे पण दुसऱ्यांच्या हातून झालेलं उत्सर्जन.

आता न्हावा-शेव्याकडे पाहा. तिथलं प्राधिकरण हे घरमालकासारखं आहे. जमीन, जलमार्ग आणि रस्ते त्याचे; टर्मिनल चालवतात भाडेकरू कंपन्या. १९९९ साली देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल तिथेच सुरू झालं. घरमालकाच्या नावावर पहिल्या दोन कप्प्यांत थोडंच येतं; बाकीचं जवळजवळ सगळं तिसऱ्या कप्प्यात जातं, आणि भिवंडीही त्यातच. तिसऱ्या कप्प्याचा हिशोब अवघड, म्हणून तो बऱ्याचदा ‘शक्य असल्यास’ या सदरात टाकला जातो. याला अप्रामाणिकपणा म्हणणं अन्यायाचं होईल. आपल्या मालकीच्या गोष्टी आधी मोजाव्यात हे शहाणपणच आहे. पण विद्यार्थ्याने तिथे थांबू नये.

मी ऊर्जा-लेखापरीक्षणाच्या धंद्यात आलो तो मागाच्या कारखान्यांतून. मोटरला क्लॅम्प मीटर लावायचा, रीडिंग घ्यायचं, कागदावर लिहायचं. यंत्र एका जागी, वायर एक, मालक एक. ट्रकची मोजणी सुरू केली तेव्हा तीच सवय घेऊन गेलो आणि पहिल्याच आठवड्यात एका चालकाने माझी अडचण उघडी केली. तो बीडकडचा. माणकोलीच्या अलीकडे गाडी कडेला लावून वहीत डिझेल लिहीत होता. मी त्याला अ‍ॅव्हरेज विचारलं. म्हणाला, ‘भरलेली तीन देते, रिकामी चार.’ मी लिहून घेतलं. मग तो म्हणाला, ‘पण सर, उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज कसं काढणार?’

त्या रात्री पोर्टवरून येताना तो फाटकाआधी, मुंब्रा बायपासवर आणि मग गोदामाच्या दारात मिळून सहा तास उभा राहिला होता. इंजिन बंद करून झोपता येत नाही, रांग दोन-दोन गाड्यांनी पुढे सरकते. त्याचा हिशोब इथेच मांडतो, म्हणजे वाचकाला या शास्त्राची चव पहिल्या पानांतच मिळेल. जाताना रिकामी ५५ किलोमीटर, येताना भरलेली ५५. त्याच्या अ‍ॅव्हरेजने सुमारे ३२ लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे ८६ किलो. उभ्या गाडीला तासाला दोन लिटर धरले तर सहा तासांचे बारा लिटर, म्हणजे आणखी ३२ किलो. जाण्यायेण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त धूर गाडी जागची न हलता झाला. किलोमीटरवर आधारलेल्या कुठल्याही सूत्रात हे ३२ किलो सापडणार नाहीत. उभी गाडी तासांत मोजायची असते. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, कळलं मात्र त्या रस्त्याच्या कडेला.

रिकाम्या कंटेनरचा प्रश्न त्याहून किचकट आहे. गोदामात माल उतरला की तो डबा परत न्यावा लागतो. ती फेरी कुणाच्या खात्यावर? मालाच्या, जहाज कंपनीच्या, की पुढे त्यात निर्यातीचा माल भरणाऱ्याच्या? मार्च २०२३ मध्ये आलेल्या आयएसओ १४०८३ या मानकाने वाहतूक साखळीच्या हिशोबात रिकाम्या फेऱ्याही धरायला सांगितल्या, ही मोठी गोष्ट झाली. बंदरातून थेट गोदामात माल नेण्याची सोय न्हावा-शेव्यात झाली, तेव्हा मधल्या कंटेनर फ्रेट स्टेशनची एक खेप वाचली. हा बदल करणाऱ्यांच्या मनात वेळ आणि पैसा होता. धुरातली बचत त्यांच्यासोबत आपोआप आली, आणि मोजणी नसेल तर ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

जहाजांची मोजणी हा या विद्येचा सर्वांत देखणा भाग आहे. एखाद्या जहाजाने बंदरात किती तेल जाळलं हे दोन वाटांनी कळतं. विकलेल्या इंधनाच्या पावत्यांवरून वरून खाली यायचं, किंवा जहाजाने केलेल्या कामावरून खालून वर जायचं. दुसऱ्या वाटेवर सूत्र सोपं आहे: इंजिनाची ताकद, तिच्यावर पडलेला भार, तास आणि उत्सर्जनाचा गुणक, यांचा गुणाकार. जहाजं आपली ओळख, जागा आणि वेग एआयएस या यंत्रणेवरून सतत सांगत असतात, म्हणून तास आणि वेग मिळतात. इंजिनावरचा भार ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढतो. वेग निम्मा केला तर भार आठव्या हिश्शावर येतो. धक्क्यावर जागा नसताना धावत येऊन नांगर टाकून बसणारं जहाज किती तेल वाया घालवतं हे या एका नियमावरून कळतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या चौथ्या अभ्यासाने याच रीतीने जगभरच्या जहाजांचा हिशोब मांडला: २०१८ साली १०७.६ कोटी टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य, म्हणजे माणसांच्या एकूण उत्सर्जनाच्या २.८९ टक्के.

धक्क्याला लागल्यावर मुख्य इंजिन थांबतं. दिवे, पंप आणि रीफर यांसाठी जनित्रं मात्र चालूच राहतात. तिथे किनाऱ्यावरची वीज जहाजाला द्यावी, म्हणजे जनित्रं बंद करता येतील, हा उपाय आता सगळीकडे सांगितला जातो. याची गणितं विद्यार्थ्यांकडून मी नेहमी करून घेतो, कारण उत्तर पाहून ते दचकतात. एका जहाजाला दिवसभर एक हजार किलोवॉट लागतात असं धरा. २४ हजार युनिट झाले. जहाजावर डिझेल जाळून ती वीज केली तर सुमारे साडेसोळा टन कार्बन डायऑक्साइड. केंद्रीय विद्युत प्राधिकरण आपल्या ग्रिडचा गुणक दरवर्षी प्रसिद्ध करतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे. म्हणजे ग्रिडची वीज घेतली तरी सतरा टन. हवामानाच्या खात्यात फरक जवळजवळ शून्य!

मग उपाय फोल का? मुळीच नाही. धक्क्यावर काम करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जाणारी नायट्रोजनची ऑक्साइडं, गंधक आणि काजळीचे कण तिथून हटतात, आणि ते तिथल्या माणसासाठी आजच्या आज महत्त्वाचं आहे. बंदराने सौर किंवा पवन वीज घेतली की कार्बनही घटतो. पण तोपर्यंत ‘उत्सर्जनमुक्त धक्का’ अशी पाटी लावली आणि धूर कोळशाच्या वीजकेंद्राशेजारच्या गावात गेला, तर आपण पुन्हा जकात नाक्याचीच गोष्ट केली: माल शिवेपलीकडे उतरवला. म्हणून या पुस्तकात हवामान बदलवणारे वायू आणि श्वासाला घातक प्रदूषकं यांचे तक्ते शेवटपर्यंत वेगळे ठेवले आहेत. दोघांची बेरीज करण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. ती करू नये.

केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूत्रं आणली. त्यांत प्रत्येक टन मालामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी घटवण्याचं लक्ष्य आहे. मी त्याचं मनापासून स्वागत करतो, कारण लक्ष्य ठेवलं की मोजावं लागतं. फक्त ‘टनामागे’ हा शब्द नीट वाचावा. टनामागे ३० टक्के घट झाली आणि त्याच काळात माल दुप्पट झाला, तर एकूण धूर ४० टक्क्यांनी वाढतो. टनामागचा आकडा बंदराची कार्यक्षमता सांगतो. हवेला आणि शेजाऱ्याला एकूण आकडा लागू होतो. दोन्ही छापले पाहिजेत, शेजारी शेजारी.

शेजाऱ्यांमुळे मोजणी कशी सुरू होते, याचं उत्तम उदाहरण लॉस एंजेलिसचं आहे. तिथल्या चायना शिपिंग टर्मिनलविरुद्ध २००१ मध्ये सॅन पेद्रो भागातले रहिवासी आणि एक पर्यावरण संघटना न्यायालयात गेली. तडजोड झाली, आणि २००४ साली त्याच टर्मिनलवर कंटेनर जहाजाला किनाऱ्यावरची वीज मिळाली. बंदर २००५ पासून दरवर्षी आपल्या धुराची यादी प्रसिद्ध करतं. तिच्यात जहाज, क्रेन, रेल्वे आणि ट्रक वेगवेगळे दिसतात, आणि ट्रकचा हिशोब फाटकापाशी थांबत नाही. २००५ च्या तुलनेत तिथल्या डिझेलच्या धुरातले सूक्ष्म कण ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले आहेत. त्यात जुने ट्रक बाद करण्याच्या कार्यक्रमाचा वाटा मोठा. यादी नसती तर कुठला ट्रक आधी बाद करायचा हे कुणाला ठाऊक असतं?

आपल्याकडे अशी संधी समोर आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्याची नियोजित क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख टीईयू आहे, म्हणजे न्हावा-शेव्याच्या आजच्या उलाढालीच्या तिप्पट. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे, आणि तिथल्या मच्छीमारांचा या बंदराला अनेक वर्षांपासून विरोध आहे. हा वाद या पुस्तकाच्या कक्षेत पूर्णपणे येत नाही. माझं मत विचाराल तर ज्यांच्या दारात बंदर येतं त्यांचं म्हणणं आधी ऐकावं. पण एक गोष्ट मोजणीच्या शास्त्रातून ठामपणे सांगता येते. आधाररेषा बंदर सुरू होण्यापूर्वीच घ्यावी लागते. पहिलं जहाज लागल्यावर ‘आधी हवा कशी होती’ हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. भिवंडीत पहिलं गोदाम उभं राहण्यापूर्वीची हवा कुणी मोजली नव्हती, आणि तो रकाना आता कायमचा कोरा आहे. पालघर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत विज्ञान शिकवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे की त्यांनी हे काम आजच हाती घ्यावं.

हे पुस्तक कुणासाठी? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी तर आहेच. पण गोदामाचा व्यवस्थापक, ट्रान्सपोर्टवाला, ग्रामपंचायत सदस्य, खाडीकाठचा मच्छीमार यांनीही ते उघडावं अशी माझी इच्छा आहे. गणित बारावीपलीकडे जात नाही. घन आणि गुणाकार एवढंच पुरतं. भिवंडीच्या मागवाल्याला तर मी विशेष आग्रह करेन. किती मीटर कापडाला किती युनिट लागले, ताणा कुठे तुटला, कांडी कधी संपली, हे तो डोळे मिटून सांगतो. ऊर्जा-तीव्रता हा शब्द त्याने ऐकलेला नसेल, पण ती तो रोज काढतो. कापडाच्या जागी कंटेनर ठेवला की बंदराचं अर्धं शास्त्र त्याच्या हातात आलं.

प्रकरणं कुठूनही वाचता येतील, पण पहिलं सोडू नये. जहाजांचं प्रकरण लांब आहे, रेल्वेचं त्या मानाने आटोपशीर. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा न्हावा-शेव्याकडचा टप्पा आपल्या वसई-दिवा पट्ट्यातूनच जातो. त्यावर गाड्या नियमित धावू लागल्या की त्या प्रकरणाला नवी आवृत्ती लागेल, आणि ती लिहायला मला आनंद होईल. वसईची खाडी आणि उल्हास नदी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ५३ झाली आहे. याच पाण्यावरून कधी माल गेला, तर टन-किलोमीटरमागे किती धूर वाचेल याचं उदाहरण मी परिशिष्टात सोडवून दाखवलं आहे. अंगावर काटा आणणारी गंमत अशी की, त्यातला मार्ग तोच आहे ज्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी इथली जहाजं समुद्राकडे गेली असतील.

शब्दांबद्दल थोडं. जिथे कामावरची माणसं बर्थ, ट्रेलर, रीफर, सील, अ‍ॅव्हरेज म्हणतात तिथे मी तेच ठेवलं आहे. धक्का, गोदी, खाडी, शीव, हिशोब हे आपले शब्द जिथे पुरतात तिथे दुसरे शोधले नाहीत. ‘उत्सर्जन’ हा शब्द अपरिहार्य होता, पण जिथे खरोखर धूर आहे तिथे धूरच म्हटलं आहे.

त्या बीडच्या चालकाशी नंतर पाच-सहा वेळा भेट झाली. त्याने वहीत डिझेलच्या शेजारी आता आणखी दोन रकाने पाडले आहेत: गाडी किती वाजता थांबली आणि किती वाजता हलली. पहिल्या प्रकरणातला पहिला तक्ता त्याच्या वहीवरून घेतला आहे. छापण्यापूर्वी मी त्याला तो दाखवला. त्याने कळंबोलीच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘इथे पावणेदोन तास नाहीत सर, सव्वादोन आहेत.’ तेवढी दुरुस्ती करून तक्ता दिला आहे.